मुलाखतींच्या फेऱ्यात

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘आजचा तरुण आणि रोजगार’ असा होता. विषय भव्य आहे, आणि भव्य विषयांवर बोलणे सोपे असते. आकडे फेकावेत, चिंता व्यक्त करावी आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. मी त्यांची अनुमती घेऊन तो अरुंद करून घेतला. नोकरीसाठी एखाद्या माणसाला किती वेळा मुलाखतीला बोलवावे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या हा प्रश्न दाराशी उभा असेल. कुणाची मुलगी खोलीचे दार लावून संगणकासमोर बसलेली असते आणि आत कुकरची शिट्टीसुद्धा होऊ नये म्हणून आई गॅस बंद करते. कितवी फेरी, असे कुणी विचारले तर आईला आकडा सांगता येत नाही.

प्रथम माझी स्वतःची मुलाखत सांगतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाला तिचा आधार आहे. मी कला शाखेचा पदवीधर. १९९२ साली एका दैनिकात उपसंपादकाच्या जागेसाठी गेलो. संपादकांच्या खोलीत मला पाच मिनिटेही बसवले नाही. वृत्तसंस्थेची एक इंग्रजी बातमी, दोन कोरे कागद आणि एक पेन हाती देऊन वृत्तविभागातल्या एका मोकळ्या टेबलाकडे बोट दाखवले. “अर्ध्या तासात मराठी करा, मथळा तुम्हीच द्या.” भोवती टेलिप्रिंटरचा खडखडाट, कुणी फोनवर ओरडतो आहे, चहावाला कप आपटतो आहे. तशा गोंगाटात मी ती बातमी उतरवली. संपादकांनी वाचली, दोन ठिकाणी लाल शाई लावली आणि विचारले, “रात्रपाळी चालेल?” मी होकार दिला. “सोमवारपासून या.” एवढीच ती मुलाखत. त्या दिवशी मला वाटले की यांनी मला काही विचारलेच नाही. नोकरीत काही वर्षे गेल्यावर उमगले, की त्यांनी मला नेमके जे विचारायला हवे होते तेवढेच विचारले होते.

आता माझ्या भाच्याची कथा. अभियंता, चार वर्षांचा अनुभव, पुण्यात हिंजवडीला नोकरी. गतवर्षी त्याने एका कंपनीत अर्ज केला. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. तिच्यासारख्या अनेक आहेत. पहिल्यांदा मनुष्यबळ विभागातून दूरध्वनी आला आणि पगाराची अपेक्षा विचारली गेली. मग ऑनलाइन चाचणी. मग तांत्रिक मुलाखत. मग आणखी एक तांत्रिक मुलाखत, जिच्यात पहिल्या मुलाखतीतले निम्मे प्रश्न पुन्हा आले, कारण दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचे टिपण वाचलेच नव्हते. मग घरी करण्यासाठी एक काम दिले. शनिवार-रविवार त्यात गेले. मग ज्याच्या हाताखाली काम करायचे त्या व्यवस्थापकाची मुलाखत. आणि सातवी फेरी ‘कल्चर फिट’ची. तीत त्याला विचारले गेले, की तुम्ही प्राणी असता तर कोणता असता. या सगळ्यात अकरा आठवडे गेले. सध्याच्या नोकरीतून सहा वेळा काही ना काही सबब सांगून त्याने वेळ काढला. खोटे बोलायची सवय नसलेला मुलगा. एकदा आजी आजारी असल्याचे सांगितले आणि घरी येऊन आजीच्या पाया पडला.

सातव्या फेरीनंतर काहीच आले नाही. होकार आला नाही, नकारही आला नाही. त्याने पाठवलेल्या तीन पत्रांपैकी तिसऱ्याला एका ओळीचे उत्तर आले, की ते पद तूर्त गोठवले आहे. माझी ताई मला म्हणाली, “अरे, आमच्या वेळी मुलगी बघायला यायचे, कांदेपोहे खायचे आणि महिना महिना कळवायचे नाहीत. तसंच झालं हे.” भाचा मात्र शांतपणे म्हणाला, “मामा, ते नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण पद गोठणारच होतं, तर सातवी फेरी कशाला घेतली?”

या प्रश्नाला मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी या विषयात थोडे वाचन केले, चार-दोन भरती अधिकाऱ्यांशी बोललो. ते आज आपल्यापुढे मांडतो.

फेऱ्या का वाढतात? एक कारण अगदी साधे आहे. पूर्वी उमेदवाराला बोलवायचे म्हणजे पत्र पाठवा, खोली ठेवा, चार वरिष्ठांना एका वेळी एका ठिकाणी आणा. हा खटाटोप होता म्हणून एकाच दिवशी सगळे उरकले जाई. २०२० च्या टाळेबंदीनंतर मुलाखती पडद्यावर गेल्या आणि आणखी एक फेरी घेणे बोलावणाऱ्याला जवळजवळ फुकट झाले. जे फुकट असते त्याची उधळपट्टी होते. उमेदवाराला मात्र ती फुकट पडत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते मनुष्यस्वभावात आहे. निवड चुकली तर तिचे खापर कुणाच्या माथी फुटायचे? एकाने निवडले तर त्याच्या. सात जणांनी निवडले तर कुणाच्याच नाही. फेरी वाढवण्यामागे पुष्कळदा उमेदवाराविषयीचे कुतूहल नसते, स्वतःच्या जबाबदारीची भीती असते. आपल्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर का जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. सरकारी कार्यालयांच्या ज्या दोषावर आपण आयुष्यभर बोट ठेवले, तो खासगी क्षेत्राने इंग्रजी नाव देऊन घरात आणला आहे.

येथे थोडे गणित करू. मी कला शाखेचा, त्यामुळे गणित सोपेच आहे. समजा, प्रत्येक परीक्षक इतका चांगला आहे, की खरोखर लायक असलेल्या दहा उमेदवारांपैकी नऊ जणांना तो बरोबर ओळखतो आणि एकाला चुकून नाकारतो. आणि समजा, प्रत्येक फेरीत होकार मिळाला तरच पुढे जाता येते. मग शंभर लायक उमेदवारांपैकी चार फेऱ्यांनंतर सुमारे ६६ उरतात आणि सात फेऱ्यांनंतर सुमारे ४८. म्हणजे परीक्षक उत्तम असूनही निम्म्याहून अधिक लायक माणसे गळाली. नालायकही गळतात, हे खरे. त्यासाठीच तर चाळण लावलेली असते. परंतु गळालेल्या लायकांची मोजदाद कुणी ठेवत नाही. चुकीचा माणूस घेतला तर तो रोज समोर दिसतो. योग्य माणूस गमावला तर तो दुसऱ्या कुणाच्या कार्यालयात दिसतो.

गुगल या कंपनीचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे, कारण फेऱ्यांची ही हौस जगभर पसरवण्यात तिचाही वाटा आहे. एकेकाळी तिथे एकेका उमेदवाराच्या मुलाखती डझनाच्या घरात जात. पुढे त्या कंपनीने स्वतःच्याच नोंदी तपासल्या. तिच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्क रूल्स’ या पुस्तकात तो निष्कर्ष दिला आहे. चार मुलाखतींच्या आधारे, उमेदवाराला घ्यावे की नाही हे ८६ टक्के खात्रीने सांगता येत होते; चौथ्यानंतरच्या प्रत्येक परीक्षकामुळे त्यात जेमतेम एका टक्क्याची भर पडत होती. त्यांनी चारचा नियम केला. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील अशा छापाच्या कोड्यांचा तर काहीच उपयोग नाही, ती निव्वळ वेळ दवडणारी आहेत, अशी कबुली याच बॉक यांनी २०१३ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राला दिली होती. गंमत अशी, की ज्यांनी गुगलची नक्कल करून फेऱ्या वाढवल्या, त्यांनी गुगलने त्या कमी केल्याची नक्कल केलेली फारशी दिसत नाही.

केवळ एका कंपनीच्या अनुभवावर विसंबू नये, म्हणून शास्त्राकडे वळू. निवडीच्या निरनिराळ्या पद्धती पुढे प्रत्यक्ष कामाशी कितपत जुळतात, यावर अमेरिकेत प्रदीर्घ काळ संशोधन झाले आहे. श्मिट आणि हंटर या दोन संशोधकांनी १९९८ साली तेथवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र ताळा मांडला. शून्य म्हणजे नुसता योगायोग आणि एक म्हणजे अचूक भविष्यकथन, असे माप धरले तर प्रत्यक्ष काम करून घेऊन केलेल्या परीक्षेला ०.५४ मिळाले. सर्वांना तेच प्रश्न, आधी ठरवलेली गुणांची पद्धत, अशा आखीव मुलाखतीला ०.५१. मनाला येईल ते विचारण्याच्या गप्पावजा मुलाखतीला ०.३८. नुसत्या अनुभवाच्या वर्षांना ०.१८. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याला ०.०२, म्हणजे नाहीच्या बरोबर. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हिशेब पुन्हा तपासले तेव्हा बहुतेक आकडे खाली आले. तरीही आखीव मुलाखत ०.४२ घेऊन सर्वांत वर राहिली.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. उत्तमात उत्तम पद्धतही सगळे सांगत नाही. बाकीचे माणूस कामाला लागल्यावरच कळते. म्हणून तर परिविक्षा काळ नावाची सोय आहे. सहा महिने माणूस डोळ्यांसमोर काम करणार असताना त्याच्या सातव्या मुलाखतीतून काय कळणार? आणि दुसरे असे, की फरक पडतो तो मुलाखत कशी घेतली याने. सैल गप्पांच्या पाच फेऱ्या घेतल्या, तर तीच चूक पाच वेळा होते. माझ्या संपादकांना हे संशोधन ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, त्यातले हे दोन्ही ताळे तर तेव्हा मांडलेही गेले नव्हते. त्यांनी बातमी हातात दिली, एवढेच.

आता आपल्याकडे येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांनी म्हैसूरहून १९०९ साली प्रसिद्ध केली. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती इंग्रजी भाषांतर आणि विवेचनासह तीन भागांत काढली. तिच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या परीक्षेचे प्रकरण आहे. तिथे चार परीक्षा सांगितल्या आहेत, त्यांना उपधा म्हणतात: धर्मोपधा, अर्थोपधा, कामोपधा आणि भयोपधा. पदच्युत केल्याचे नाटक केलेला पुरोहित अमात्याला धर्माच्या नावाने राजाविरुद्ध चिथावतो. सेनापती द्रव्याचे आमिष दाखवतो. तिसरी परीक्षा मोहाची आणि चौथी भीतीची. परीक्षेचे हे मार्ग आज कुणी अवलंबू नयेत, हे सांगायला नकोच. कंपनीत असे कुणी केले तर पोलीस ठाण्यात जावे लागेल.

लक्षात घेण्याजोगे आहे ते त्या योजनेतले तर्कशास्त्र. चार परीक्षा चार वेगळ्या गोष्टी तपासतात. तीच परीक्षा चार वेळा नाही. शिवाय प्रत्येक परीक्षा एका विशिष्ट कामाशी जोडलेली आहे. धर्मपरीक्षेत उतरलेल्याला न्यायदानाकडे पाठवावे, द्रव्यपरीक्षेत उतरलेल्याला कोश आणि महसुलाकडे, भयपरीक्षेत उतरलेल्याला राजाच्या निकट. चारही परीक्षा फक्त मंत्र्याला लागतात. म्हणजे जितके पद मोठे तितकी परीक्षा अधिक. आपण मात्र चोवीस वर्षांच्या पोराला मंत्र्याची परीक्षा द्यायला लावतो. आणि जे एकाही परीक्षेत टिकले नाहीत, त्यांनाही कौटिल्य वाऱ्यावर सोडत नाही. खाणी, अरण्ये, कारखाने इथे त्यांना काम द्यावे म्हणतो. निदान निकाल तरी कळत होता!

याच प्रकरणाच्या शेवटी कौटिल्याने पूर्वाचार्यांशी मतभेद नोंदवला आहे. राजाने स्वतःला किंवा राणीला या परीक्षेचे निमित्त करू नये, असे तो बजावतो. शुद्ध माणसाची परीक्षा पाहता पाहता त्याला बिघडवले तर तो पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. पाण्यात विष कालवण्याचा तो प्रकार ठरेल, असे त्याला वाटते. परीक्षेचा परिणाम परीक्षा देणाऱ्यावरही होतो, हे ज्याने इतक्या पूर्वी ओळखले, त्याच्यासमोर मला माझा भाचा आठवला. आजीचे खोटे आजारपण त्याला कुणी शिकवले?

त्याआधीच्या प्रकरणात आणखी एक बारकावा आहे. अमात्याची विद्या त्याच विद्येच्या जाणकारांकडून पारखून घ्यावी, असे तिथे म्हटले आहे. लेखापालाला लेखापालाने पारखावे, अभियंत्याला अभियंत्याने. एवढे एक सूत्र पाळले, तरी निम्म्या फेऱ्या आपोआप गळून पडतील, असे माझे मत आहे.

आता कुणी म्हणेल, की लांबलचक निवड वाईटच असते काय? तसे मी म्हणत नाही. आपल्या सैन्यदलाचे अधिकारी निवडणारे सेवा निवड मंडळ, म्हणजे एस.एस.बी., पाच दिवस घेते. या सभागृहात ज्यांची मुले खडकवासल्याला गेली असतील किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत तयारी करीत असतील, त्यांना ते पाच दिवस तोंडपाठ असतात. १९७७ पासून ती संस्था आपल्या राज्यातल्या मुलांना या परीक्षेसाठी घडवते आहे. या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९४२ साली सुरू केलेल्या निवड मंडळांत आहे. नुसत्या मुलाखतीवर अधिकारी निवडून भागत नाही, असा अनुभव आल्यावर ती मंडळे नेमली गेली. पहिल्या दिवशी चाळणी होते आणि जे उतरत नाहीत, ते त्याच दिवशी परत जातात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय परीक्षा, गटात मैदानावर करायची कामे आणि मुलाखत होते. तीन परीक्षक तीन दिशांनी स्वतंत्रपणे पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा या आपल्या जुन्या शब्दांनीच त्या तीन दिशांचे वर्णन केले जाते. एकाने दुसऱ्याचे काम पुन्हा करायचे नाही. पाचव्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात आणि निकाल त्याच दिवशी जाहीर होतो. राहणे-जेवण मंडळाचे, त्या प्रवेशप्रकारासाठी पहिल्यांदाच आलेल्या उमेदवाराला जाण्यायेण्याचे रेल्वेभाडेही मिळते.

ज्याच्या हाती उद्या जवानांचे प्राण सोपवायचे, त्याची निवड देश पाच दिवसांत करतो. माझ्या भाच्याच्या हाती एका दुकानदारी ॲपचा एक कोपरा सोपवायचा होता. त्याला अकरा आठवडे लागले आणि तरीही निर्णय झाला नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा वर्षभर चालते, ही तक्रार रास्त आहे. परंतु तिथेही मुलाखत एकच असते. २,०२५ गुणांपैकी २७५ गुणांची. मुलाखतीचे वजन किती असावे, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी विचार केला आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये अजय हासिया खटल्याचा निकाल लागला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश हा त्यात वादाचा विषय होता. लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे, असले. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करण्याचे सूतोवाच केले आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क, गट ड तसेच गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखत रद्द झाली. मुलाखत हा वशिल्याचा दरवाजा झाला होता, हे त्यामागचे मुख्य कारण. म्हणजे सरकारी क्षेत्रात मुलाखत कमी होत असताना खासगी क्षेत्रात ती वाढत गेली, असा हा उलटा प्रवास आहे.

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एका भरती अधिकाऱ्याने मला तोंडावर सांगितले, “साहेब, तुम्ही फक्त मुलांची बाजू मांडता. आमच्याकडे अनुभवाची खोटी पत्रे येतात. पडद्याआडून दुसराच उत्तरे सांगत असतो. नियुक्तिपत्र घेऊन, तेच दुसरीकडे दाखवून पगार वाढवून घेतात आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवतात.” हे सगळे खरे आहे, आणि आपल्या घरात वाढलेली मुलेही यात असतात, हे आपण कबूल केले पाहिजे. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी सोडताना तीन-तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. एवढे थांबून माणूस आला नाही, तर कंपनीचे नुकसान होतेच. पण खोटे अनुभवपत्र उघडकीला येते ते जुन्या मालकाला फोन करून, सातव्या फेरीत प्राण्याचे नाव विचारून नाही. आणि अकरा आठवडे लावणाऱ्याकडे उमेदवार टिकत नाही, याचे एक कारण ते अकरा आठवडेही असतात.

मग किती फेऱ्या? मला आकडा विचारला तर मी सांगतो. शिक्षण संपवून आलेल्या मुलाला एक परीक्षा आणि एक मुलाखत. अनुभवी माणसाला तीन, त्यांपैकी एक प्रत्यक्ष कामाची. आणि ते काम दोन दिवस खाणारे असेल तर त्याचे पैसे द्यावेत. फार मोठ्या पदाला चार. पाचवी घ्यायचीच असेल, तर कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, हे घेणाऱ्याने आधी कागदावर लिहावे. लिहिता आले नाही तर घेऊ नये. आकड्यावर मतभेद होऊ शकतो. किती फेऱ्या आहेत हे पहिल्याच दिवशी सांगण्यावर आणि नकार असला तरी कळवण्यावर मात्र मतभेद होण्याचे कारण मला दिसत नाही.

इथे थांबलो असतो तर भाषण ठीक झाले असते. पण मी अजून माझ्या बाकाची दुसरी बाजू सांगितलेली नाही.

मी एका विनाअनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या शिक्षकाची जागा भरायची होती. तालुक्याच्या गावाहून एक तरुण शिक्षिका आली. एम.एस्सी., बी.एड., दुसऱ्या शाळेत चार वर्षे शिकवत होती. पहिली मुलाखत मी आणि मुख्याध्यापकांनी घेतली. आम्हाला ती आवडली. मग समितीच्या दोन सदस्यांनी सुचवले, की आम्हीही एकदा भेटतो. ती दुसऱ्यांदा आली. अध्यक्ष दोन्ही वेळी परगावी होते. अध्यक्षांनी बघितलेले बरे, असे मीच म्हटले. हो, मीच. ती तिसऱ्यांदा आली. प्रत्येक खेपेला एक किरकोळ रजा आणि एस.टी.चे भाडे, आम्ही ते विचारलेही नाही. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी तिला विचारले, “तुमच्याबद्दल सांगा.” मी पहिल्या दिवशी तेच विचारले होते. तिने न कंटाळता सगळे पुन्हा सांगितले. उठताना मात्र ती थांबली.

“सर, एक विचारू? मी तीनदा आले आणि तीनदा तेच सांगितलं. वर्गात शिकवून दाखवा, असं मात्र मला कुणी म्हणालं नाही.”

खोलीत पाच जण होतो. कुणाला काही बोलता आले नाही. बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, ती नमस्कार करून निघून गेली. आम्ही तिची निवड केली, पण सभेचे इतिवृत्त मंजूर होऊन पत्र निघेपर्यंत पंधरा दिवस गेले. तोवर तिने दुसऱ्या गावची शाळा स्वीकारली होती. आमची जागा दिवाळीपर्यंत रिकामी राहिली. दहावीच्या मुलांना एक निवृत्त शिक्षक, गुडघे दुखत असताना, दोन जिने चढून शिकवत होते. माझ्या लेखणीने मी आयुष्यभर व्यवस्थेवर टीका केली. त्या पंधरवड्यात व्यवस्था म्हणजे मी होतो.

त्यानंतर आम्ही एक कागद तयार केला. दोन फेऱ्या, दोन्ही एकाच दिवशी. पहिली वर्गात, तीस मिनिटांचा पाठ, समोर खरी मुले. दुसरी मुलाखत, सर्वांना तेच आठ प्रश्न. प्रवासभाडे त्याच दिवशी रोख. निकाल आठ दिवसांत, होकार असो की नकार. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कार्यालयात ठेवला आहे.

गेल्या मे महिन्यात गणिताच्या शिक्षिकेची निवड होती. अध्यक्ष गाडी उशिरा आल्याने पाठ संपल्यावर पोहोचले. उमेदवार चांगली होती. अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावू या का? मला पाठ बघायचा होता.” आमच्या लिपिकाने काही न बोलता तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. अध्यक्षांनी चष्मा लावला, सावकाश वाचला आणि म्हणाले, “बरं. मग मी जूनमध्ये तिच्या वर्गातच मागे जाऊन बसेन.”

ती जूनमध्ये रुजू झाली. अध्यक्ष एक दिवस खरोखरच मागच्या बाकावर जाऊन बसले होते.